घोंगडी कशी बनते आणि ती मागे का पडली?

हिवाळ्यात परभणीचा पारा एक आकडी झाला की बातम्या येतात. इथल्या मेंढपाळांकडे या थंडीवरचा उपाय पिढ्यान् पिढ्या आहे, तो म्हणजे घोंगडी. पण ती नुसते पांघरूण नाही. तिच्यामागे मेंढी, लोकर आणि माग यांचे मोठे ज्ञान आहे.

घोंगडी कोण विणते?
परभणी, हिंगोली, नांदेड या पट्ट्यात हटकर धनगरांची वस्ती मोठी आहे. मेंढ्या राखणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. विणकाम प्रामुख्याने खुटेकर धनगर आणि सणगर या समाजांकडे असे. सूत कातण्याचे काम बहुतेक घरांत बायकांचे. म्हणजे एका घोंगडीत अनेक घरांची मजुरी असते.

ती कशी बनते?
दख्खनी मेंढीची लोकर साधारण वर्षातून दोनदा कातरतात. ती पिंजून चरख्यावर सूत काततात. मग ताणा लावून त्याला चिंचोक्यांची खळ देतात आणि कुंच्याने ती सारखी पसरवतात. त्यामुळे धागा ताठ होतो, विणताना तुटत नाही. पुढे हातमागावर विणकाम होते. काळा रंग बहुतेकदा लोकरीचा मूळचाच असतो, त्यासाठी रंगवावे लागत नाही.

पावसात ती का चालते?
लोकरीच्या धाग्यावर नैसर्गिक स्निग्धांश असतो, त्यामुळे पावसाचे पाणी लगेच आत शिरत नाही. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के ओलावा शोषूनही फारशी ओली लागत नाही. म्हणूनच मेंढपाळ घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतात.

मग अडचण कुठे आली?
दख्खनी लोकर जाडीभरडी असते. स्वस्त सिंथेटिक ब्लँकेट आणि रेनकोट आले, तशी तिची मागणी घटली. मऊ कपड्यांसाठी भारत मेरिनो लोकर आयात करतो. दुसरीकडे मटणाला भाव मिळू लागल्याने वजनदार जातींशी संकर वाढला आणि लोकर दुय्यम ठरली. अनेक ठिकाणी कातरणीची मजुरीही लोकरीतून सुटत नाही, म्हणून ती फेकून दिली जाते.

यात गावाचे काय जाते?
पहिले, बायकांचे घरबसल्या मिळणारे उत्पन्न. दुसरे, विणकराचे कसब. ते पुस्तकात नाही, हातात आहे. माग बंद पडला की पुढची पिढी ते शिकत नाही. तिसरे, दख्खनी मेंढी. ती कोरड्या माळावर तगते, लांब चालते आणि पीक निघालेल्या शेतात बसवली की जमिनीला खत देते. लोकरीला किंमत आली, तर ही जात राखण्याचे आणखी एक कारण मेंढपाळाला मिळते.

घेताना काय बघावे?
शुद्ध लोकरीची घोंगडी हाताला खरखरीत लागते. सुटलेला एखादा धागा जाळून पाहा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. सिंथेटिक धागा मात्र वितळून त्याची कडक गोळी होते. शक्य असेल तर थेट विणकराकडून घ्या, म्हणजे पैसे मागापर्यंत पोहोचतात.