उंदीर पडणें आणि ग्रंथिक सन्निपाताचा संचार

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत गांठीच्या तापाचे रोगी आढळूं लागले, आणि डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनीं हा ताप म्हणजे ग्रंथिक सन्निपात, अर्थात् प्लेग, असें निदान केलें. पुढील हकीकत, म्हणजे १८९७ चा सांथीचा कायदा, पुण्यांतील रँडसाहेबाचा अंमल आणि त्याच सालच्या २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर झालेला प्रकार, महाराष्ट्रांतील वाचकांस पाठ आहे. तिची पुनरुक्ति करण्याचें प्रयोजन नाहीं. आम्हांस येथें निराळा प्रश्न विचारावयाचा आहे. हा रोग एका घरांतून दुसऱ्या घरांत कोणत्या वाटेनें जातो, याविषयीं त्या वेळीं कोणास किती ठाऊक होतें, आणि जें ठाऊक होतें त्याचा विचार निर्णय घेणारांनीं कितपत केला?

या बाबतींतील एक अस्सल साधन मुंबईच्या सांथीहून पावणेतीनशें वर्षें जुनें आहे. जहांगीर बादशहानें आपल्या आत्मवृत्तांत आग्रा प्रांतांतील सांथीची हकीकत दिली आहे. इ. स. १६१९ च्या सुमारास तो फत्तेपुरास असतां मयत आसफखानाच्या मुलीनें त्यास आपल्या घरची गोष्ट सांगितली. अंगणांत एक उंदीर झिंगलेल्या माणसासारखा पडत उठत फिरूं लागला. तो मांजरापुढें टाकला, तों मांजरानें तोंडांत धरून लगेच सोडून दिला. पुढें मांजर आजारी झालें. मग घरांतील दासींस ताप व गांठी आल्या, आणि आठनऊ दिवसांत त्या घरचीं सतरा माणसें दगावलीं. बादशहा आणखी असेंही नमूद करतो कीं, रोग थंडींत बळावतो व उन्हाळा लागतांच ओसरतो, आणि भोंवतालच्या गांवांत तो पसरला असतां फत्तेपुरांत मात्र त्याचा मागमूस नव्हता. वैद्यकाचा अधिकारी नसलेल्या माणसाचें हें टिपण आहे. तथापि क्रम, काळ, ऋतु आणि स्थळ हीं चारही अंगें त्यांत आलीं आहेत, आणि सांथीच्या शास्त्राला आरंभीं याहून अधिक कांहीं लागत नाहीं.

कुमाऊं व गढवाल येथें ‘महामारी’ या नांवानें हाच रोग एकोणिसाव्या शतकांत वारंवार उद्भवे. घरांत उंदीर मरूं लागले कीं तेथील डोंगरी लोक गांव सोडून रानांत जात, हें सरकारी अहवालांतच लिहिलेलें आहे. आपल्याकडेही सांथ एकदोन वर्षें मुरल्यावर ‘उंदीर पडला’ हे दोन शब्द पुरेसे होऊं लागले. ते कानीं येतांच माळावर झोपड्या उभ्या राहात व गांव बाहेर पडे.

अधिकाऱ्यांचें मत निराळें होतें. रोग घाणींतून उपजतो आणि माणसाकडून माणसास लागतो, असें ते धरून चालत. त्यामुळें उपायही तसेच निघाले. घरोघर झडती, रोग्यास उचलून इस्पितळांत नेणें, आप्तांस निराळ्या छावणींत कोंडणें, आगगाडीच्या स्टेशनांवर उतारूंची तपासणी, गटारांत व घरांत कार्बोलिकाचा मारा. १८९६ च्या २९ ऑक्टोबर रोजीं गिरणीकामगारांनीं मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर चाल केली ती याच धास्तीनें. १८९७ च्या आरंभापर्यंत जवळ जवळ अर्धें शहर बाहेर गेलें होतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. उंदरांचा संबंध शास्त्रज्ञांस अगदींच अज्ञात होता असें नाहीं. यर्सिन यानें १८९४ त हाँगकाँग येथें रोगाचा जंतु शोधला, तेव्हां मेलेल्या उंदरांतही तो त्यास मिळाला होता. अडत होतें तें मधल्या दुव्यावर. उंदराच्या अंगांतील जंतु माणसाच्या रक्तांत जातो कसा?

हा दुवा पोल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरानें जोडला. कांहीं रोग्यांच्या अंगावर एक बारीक फोड येतो व त्यांत जंतु असतात, हें त्यानें पाहिलें. तो फोड त्यास कीटकाच्या दंशाचा वाटला. नुकताच मेलेला उंदीर हाताळणारास रोग होतो, पण थंड पडलेल्या उंदरापासून तितकें भय नसतें, हेंही त्याच्या नजरेंत भरलें. पिसवा थंड शव सोडून जातात, हा त्याचा उलगडा. १८९८ च्या २ जून रोजीं कराची येथें त्यानें कांचेच्या मोठ्या बरणींत पिसवांसह एक रोगी उंदीर ठेवला, आणि त्याला स्पर्श होणार नाहीं अशा रीतीनें जाळीच्या पिंजऱ्यांत दुसरा निरोगी उंदीर ठेवला. पांचसहा दिवसांत दुसराही प्लेगनें मेला. पिसवा नसलेल्या उंदरांवर हाच प्रयोग केला असतां रोग लागला नाहीं.

त्याच वर्षीं हा शोध पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. पण एडिंबरोचे प्रोफेसर फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालीं १८९८-९९ त हिंदुस्थानांत चौकशी करणाऱ्या प्लेग कमिशनानें तो ग्राह्य मानला नाहीं. आमच्या मतें या सर्व प्रकरणांतील खरी दुर्दैवाची गोष्ट हीच. रँडच्या अंमलाच्या वेळीं पिसूचें ज्ञान नव्हतें, म्हणून त्याच्या क्रौर्याचा नाहीं तरी अज्ञानाचा बचाव करतां येतो. १८९८ नंतर तोही करतां येत नाहीं.

पुढें मुंबईस ग्लेन लिस्टन यानें तीच वाट धरली. एका वस्तींत आधीं उंदीर मेले, मग रहिवाशांस पिसवांचा असह्य उपद्रव झाला आणि त्यानंतर माणसें आजारी पडलीं, हा क्रम त्यानें नोंदविला. १९०५ त नेमलेल्या संशोधन कमिशनानें परळ येथें लहान कोठ्या बांधून गिनीपिगांवर प्रयोग केले. पिसवा दूर ठेवल्या तर रोगी व निरोगी प्राणी एकत्र घाणींत राहूनही रोग पसरेना. रोगट जागीं जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यांतील प्राणी मेला, दोन फुटांवरचा वांचला. पिसूची उडी तेवढी पोंचत नाहीं. शहरांतील नोंदींवरून असें दिसलें कीं, आधीं गटारांतील करड्या उंदरांत मरी लागते, सुमारें दहा दिवसांनीं घरांतील काळ्या उंदरांत, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनीं माणसांत. पिसूच्या अन्ननलिकेंत जंतूंचा बोळा बसून ती भुकेनें पुनः पुनः चावते, हें बॅकट व मार्टिन यांनीं १९१४ त दाखविलें.

या ज्ञानाच्या उजेडांत १८९७ चे उपाय पाहिले म्हणजे विपरीत चित्र दिसतें. फुप्फुसांत उतरलेला प्लेग सोडला तर रोगी स्वतः फारसा धोक्याचा नसतो. इस्पितळांतील शुश्रूषा करणारांस हा रोग क्वचितच होई, आणि हें त्याच वेळीं दिसत होतें. ज्याला घरांतून ओढून नेलें तो निरुपद्रवी, आणि ज्या घरांतून नेलें तें मात्र घातक! गटारांतील माऱ्यानें उंदीर शेजारच्या घरांत पळाले असतील, हेंही संभवनीय आहे. माळावर जाणारा कुणबी अधिक शहाणा ठरतो तो यामुळें.

तथापि आपल्या पूर्वजांस सर्व ठाऊक होतें, हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. त्यांस उंदीर ठाऊक होता, पिसू नव्हती. म्हणून पळतांना ते अंथरुणें-पांघरुणें व धान्याचीं पोतीं बरोबर नेत, आणि त्यांतून पिसवा नव्या गांवीं जात. मुंबई रिकामी झाली, पण रोगास रेल्वेच्या वाटा मिळाल्या. १९१८ पर्यंत हिंदुस्थानांत या रोगाचे बळी सुमारें १ कोटीवर गेले. युरोपांतील मध्ययुगीन सांथींत माणसांवरील पिसवा व उवा यांचाही हात असावा, असें मत २०१८ त कांहीं संशोधकांनीं मांडलें आहे. मुंबईपुरता उंदरांचा पुरावा इतका भक्कम आहे कीं तेथें तें लागू करण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

कमिशनाच्या अहवालांत शहराचें गणित आहे. खेड्याचें गणित खाजगी दप्तरांत शोधलें पाहिजे. कीर्दखतावणीच्या कडेस, कुळकर्ण्याच्या टिपणांत किंवा घरगुती पत्रांत ‘आज उंदीर पडला’ अशी मितीवार नोंद असेल, आणि त्याच हातानें पुढें पहिल्या दुखणाइताची मितीही लिहिलेली असेल, तर दोहोंमधील दिवस मोजून त्या दहा-चौदा दिवसांशीं ताडून पाहतां येतील.