'आपली चावडी': जमिनीच्या फेरफाराची नोटीस मोबाइलवर कशी पाहाल?

जमिनीची खरेदी, वाटणी, बक्षीसपत्र, बँकेचा बोजा किंवा वारसनोंद झाली की तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) गावच्या फेरफार नोंदवहीत नोंद घेतात. ही नोंद मंजूर झाल्यावर सातबारा बदलतो. त्याआधी हरकत घेण्यासाठी लोकांना नोटीस द्यावी लागते.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार फेरफाराची प्रत चावडीत लावावी लागते. शिवाय अभिलेखावरून ज्यांचा हितसंबंध दिसतो, त्यांना लेखी नोटीस द्यावी लागते. हरकतीसाठी १५ दिवस मिळतात.

खरी अडचण इथेच आहे. वडिलांच्या पश्चात फक्त भावांनी वारसनोंदीचा अर्ज केला, तर बहिणीचे नाव कागदावर कुठेच नसते. मग तिला नोटीस येणार कशी? नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्यांची नोटीसही जुन्याच पत्त्यावर जाते. अशांसाठी चावडीवरची नोटीस हाच आधार. ती आता महाभूमीच्या 'आपली चावडी' या संकेतस्थळावर विनाशुल्क पाहता येते.

नोटीस कशी शोधायची?

उदाहरणार्थ, नगर-मनमाड रस्त्यावरचे, एमआयडीसीमुळे ओळखले जाणारे नागापूर घेऊ.

१. 'आपली चावडी' उघडून सातबारा किंवा मालमत्ता पत्रक यांपैकी योग्य पर्याय निवडा.
२. जिल्हा, तालुका आणि गाव निवडा. अहमदनगर जिल्ह्याचे नाव ऑक्टोबर २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले आहे, हे लक्षात ठेवा. जुन्या कागदांवर आधीचेच नाव असेल.
३. यादीत फेरफार क्रमांक, प्रकार, दिनांक, हरकतीची शेवटची तारीख आणि गट क्रमांक दिसतो. आपला गट क्रमांक शोधा.
४. 'पहा' वर क्लिक करून पूर्ण नोटीस वाचा आणि तिचा स्क्रीनशॉट ठेवा.

हरकत कशी घ्यायची?

फेरफार क्रमांक, गट क्रमांक आणि कारण लिहून, पुरावे जोडून मुदतीत तलाठी कार्यालयात अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका. कायद्यानुसार हरकत तोंडीही घेता येते, पण लेखी अर्ज देणे अधिक चांगले. हरकत आली की नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि सुनावणीनंतर निर्णय होतो.

मुदत संपली असेल तर?

नोंद मंजूर झाली असल्यास कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. त्यासाठी साधारण ६० दिवसांची मुदत असते.

हेही लक्षात ठेवा

फेरफार ही महसुली नोंद आहे. केवळ तिच्यामुळे मालकी मिळत नाही किंवा जात नाही. हरकतीमुळे खरेदीखतही रद्द होत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयातच जावे लागते. पण चुकीची नोंद वेळीच थांबली, तर पुढची बरीच वर्षे आणि खर्च वाचतो. म्हणून गावाकडे जमीन असेल, तर दर १५ दिवसांच्या आत एकदा यादी पाहा आणि बहिणींनाही ही माहिती पाठवा.