लठ्ठ मूल आणि घरचा डॉक्टर

डिकन्सच्या ‘पिक्विक पेपर्स’ या कादंबरींत वॉर्डल नांवाच्या गृहस्थाच्या घरीं जो नांवाचा एक लठ्ठ पोऱ्या चाकरीस आहे. खावें आणि झोपावें, गाडीवर बसल्या बसल्या घोरावें, एवढाच त्याचा जीवनक्रम. १८३६-३७ सालीं ही कादंबरी हप्त्याहप्त्यानें प्रसिद्ध होत असतां इंग्लंड त्या पोराला हसलें, आणि आमचा वर्गही गेलीं कित्येक वर्षें त्याला हसत आला आहे. एके वर्षीं मात्र मागच्या बाकावरील एक अंगानें स्थूल विद्यार्थी हसला नाहीं. तास संपण्यापूर्वींच तो उठून गेला, व पुढें त्या तासाला कधीं आला नाहीं. हंशा पिकविण्याच्या भरांत आम्हीं काय केलें, हें आम्हांस दुसऱ्या दिवशीं उमगलें. १९५६ सालीं अमेरिकेंतील डॉक्टरांनीं अतिस्थूल माणसाला दिवसां येणारी गुंगी व मंदावलेला श्वास या विकाराला पिक्विकचेंच नांव दिलें, असें मागाहून वाचनांत आलें. म्हणजे ज्याला लोक एकशेंवीस वर्षें आळस म्हणून हसले, तो रोग होता! त्या कुतूहलानें आम्ही वैद्यकाच्या इतिहासांतील या प्रकरणाकडे वळलों.

स्थूल मनुष्याकडे पूर्वींच्या वैद्यांचें लक्ष नव्हतें असें नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील २१ व्या अध्यायांत आठ निंदित पुरुष सांगितले आहेत. त्यांपैकीं सविस्तर विचार अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचाच आहे, व दोघांत कृश बरा असा तेथें निर्णय आहे. पण लहान मुलाचा लठ्ठपणा हें आईबापांना भूषणच वाटे. अंगानें भरलेलें मूल दुखण्यांतून तगतें, ही समजूत आमच्या आजीच्या पिढीपर्यंत घट्ट होती, आणि ज्या घरांनीं पाळण्यांतलीं मुलें गमावलीं होतीं त्यांना ती समजूत धरून बसल्याबद्दल दोष कोणीं द्यावा?

लठ्ठ मूल दवाखान्यांत आलें तें विसाव्या शतकांत, आणि आलें तें चुकीचें नांव लावून. १९०१ सालीं व्हिएन्ना येथील आल्फ्रेड फ्रोलिश यानें मेंदूखालच्या पियूषिका ग्रंथीजवळ गांठ झालेल्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा लठ्ठ होता व त्याचें वयांत येणें खुंटलें होतें. विकार अत्यंत दुर्मिळ; परंतु रोगाला नांव मिळालें कीं रोगी मिळावयास उशीर लागत नाहीं. पुढें कित्येक वर्षें लठ्ठ मूल दिसलें कीं त्यावर ग्रंथिदोषाचा शिक्का मारावा व थायरॉइडचा किंवा दुसऱ्या एखाद्या ग्रंथीचा अर्क द्यावा, असा प्रघात पडला. आईबापांनाही हें सोयीचेंच होतें. दोष ग्रंथीचा ठरला म्हणजे ताटाकडे पाहावयास नको.

या समजुतीला धक्का दिला तो हिल्डे ब्रुख या विदुषीनें. १९०४ सालीं जर्मनींत जन्मलेल्या या ज्यू डॉक्टरीणबाई १९३३ सालीं देश सोडून इंग्लंडला, व तेथून पुढच्या वर्षीं न्यूयॉर्कला गेल्या. तेथील बालरुग्णालयांत १९३७ पासून त्यांनीं लठ्ठ मुलांचा अभ्यास आरंभिला. त्यांनीं केलेली पहिली गोष्ट अगदीं साधी होती: मुलांचीं मापें घेतलीं. ग्रंथि बिघडली असती तर मुलें खुजीं आढळावयास हवीं होतीं. तीं बहुधा वयाच्या मानानें उंचच निघालीं. मग ब्रुखबाईंनीं या मुलांचीं घरें पाहिलीं. ग्रेस टुरेन यांच्यासह लिहिलेला त्यांचा १९४० चा निबंध कुटुंबावरच आहे. स्वतः दारिद्र्य पाहिलेल्या, परदेशीं येऊन पडलेल्या आया मुलाच्या तोंडीं घांस घालण्यांत आपलें सारें वात्सल्य आणि सारी धास्ती ओतीत, व पडेल-झडेल म्हणून त्याला खेळूं देत नसत, असें चित्र त्यांत आहे.

हें निरीक्षण तीक्ष्ण आहे यांत संशय नाहीं. परंतु त्याचा परिणाम काय झाला? ग्रंथीवरचा आरोप उठला आणि तो आईच्या माथीं आला. निदान बदललें, आरोपी बदलला, पण खटला चालूच राहिला. आमच्या मतें ब्रुखबाईंच्या थोर कार्यांतील हा उणा भाग होय.

त्यांतून गंमत अशी कीं, शतक संपतां संपतां ग्रंथि एका वेगळ्या वाटेनें परत आली. शरीरांतील मेद स्वतःच लेप्टिन नांवाचा एक स्राव निर्माण करून मेंदूला ‘पुरे’ म्हणून सांगतो, हें १९९४ सालीं उघडकीस आलें. १९९७ सालीं इंग्लंडांत एकाच कुटुंबांतील दोन चुलत-मावस नात्याचीं मुलें सांपडलीं. आठ वर्षांच्या मुलीचें वजन ८६ किलो व दोन वर्षांच्या मुलाचें २९ किलो होतें, आणि दोघांच्या रक्तांत हा स्राव जवळजवळ नव्हताच. त्यांतील मुलीला तो टोंचून दिला तेव्हां तिची भूक आवरली व वर्षभरांत वजन सोळा किलोंहून अधिक उतरलें. अशीं मुलें जगांत फारच थोडीं. पण भूक हा केवळ संयमाचा प्रश्न नव्हे, एवढें त्यांनीं दाखवून दिलें.

बाकीच्यांचें काय? येथें लिओनार्ड एपस्टाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचें नांव घेतलें पाहिजे. त्यानें खाद्यपदार्थांना रस्त्यावरील दिव्यांप्रमाणें हिरवा, पिवळा व तांबडा असे रंग दिले, आणि पालकांनाच मुलाबरोबर उपचारांत ओढलें. सहा ते बारा वर्षांच्या मुलांवरील त्याच्या प्रयोगाचा दहा वर्षांनंतरचा निष्कर्ष १९९० सालीं छापून आला. मूल व पालक या दोघांनाही बरोबर घेतलेल्या गटांत योग्य वजनावरील अधिक भार सरासरीनें ७.५ टक्क्यांनीं उतरला, तर तुलनेच्या गटांत तो १४.३ टक्क्यांनीं चढला. आई येथें आरोपीच्या पिंजऱ्यांतून उतरून सोबतीण झाली. यश त्यांत असावें असें आम्हांस वाटतें.

परंतु हें सारें विद्यापीठाच्या चिकित्सालयांतलें. आई मुलाला घेऊन जाते ती कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे, तेंही खोकल्यासाठीं. तेथें काय साधतें याची कसोटी मेलबर्न शहरांत घेतली गेली. ४५ दवाखान्यांतून पांच ते दहा वर्षांचीं २५८ मुलें निवडलीं, डॉक्टरांना शिकवून तयार केलें, व बारा आठवड्यांत चार भेटी ठरविल्या. २००९ सालीं निकाल आला: वर्षअखेर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाहीं. अमेरिकेंतील ४२ दवाखान्यांत डॉक्टराच्या जोडीला आहारतज्ज्ञ देऊन दोन वर्षें पालकांशीं बोलणें चालू ठेवलें, तेव्हां कोठें थोडा पण निश्चित उतार पडला. तो निष्कर्ष २०१५ चा. उपदेश न करतां पालकांच्याच तोंडून त्यांचा विचार काढून घ्यावयाचा, ही तेथील पद्धत.

२०२३ च्या जानेवारींत अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें जे नवे नियम प्रसिद्ध केले, त्यांत मूल मोठेपणीं आपोआप बारीक होईल म्हणून वाट पाहूं नये असें स्पष्ट सांगितलें आहे. तीन ते बारा महिन्यांत निदान २६ तास कुटुंबाशीं समक्ष बोलावें, बारा वर्षांपुढील मुलांना औषधही सुचवावें, असें त्यांत आहे. सव्वीस तास! आमच्या ओळखीचे एक डॉक्टर संध्याकाळीं चाळीस रोगी तपासतात. त्यांना हा आंकडा सांगितला तेव्हां त्यांनीं नुसतें घड्याळाकडे पाहिलें.

आणि आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं पुण्याजवळच्या सहा गांवांतील नवजात अर्भकांची इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या अर्भकांशीं तुलना केली. आपलीं अर्भकें सरासरी २.७ किलोंचीं, तिकडचीं ३.५ किलोंचीं; परंतु हा तुटवडा स्नायूंत व पोटांतील अवयवांत अधिक होता, कातडीखालचा मेद त्या मानानें फारसा घटलेला नव्हता. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणावरून दिसावयास किडकिडीत पण आंतून मेदस्वी अशा भारतीय बालकाची कल्पना रूढ झाली. अशा मुलाला जो पोऱ्याप्रमाणें वर्गांत कोणी हसणार नाहीं, आणि लठ्ठ म्हणून डॉक्टरकडेही कोणी नेणार नाहीं.