नगरच्या जुन्या वाड्यांचा कागदोपत्री शोध

कापड बाजार, दाळमंडई, नवी पेठ या भागांतील जुने वाडे एकामागून एक उतरविले जात आहेत. वाड्याबरोबर कागदांचे गाठोडेही नाहीसे होते, आणि ती वास्तू कोणी बांधली, समाजाला अर्पण केली की केवळ वापरावयास दिली, हे सांगणारे काहीच उरत नाही. धर्मार्थ दिलेल्या वास्तूंच्या बाबतीत हा प्रश्न निव्वळ जिज्ञासेचा राहत नाही.

इंग्लंडमध्ये असा शोध जनगणनेपासून सुरू होतो. शंभर वर्षांनी तेथील घरोघरचे तक्ते खुले होतात. १९२१ चे तक्ते २०२२ मध्ये खुले झाले. आपल्याकडे १८७२ पासून शिरगणती होत असली, तरी १९४८ च्या जनगणना कायद्यान्वये कुटुंबाच्या नोंदी पाहण्याचा अधिकार कोणासही नाही. वाचकास मिळतात ते छापील गोषवारे. १८८४ च्या गॅझेटियरचा नगरवरील सतरावा खंड किंवा १९५१ चे जिल्हा जनगणना पुस्तक यांतून शहराची वस्ती व व्यवसाय कळतात, घर कळत नाही. एक इंचास एक मैल या प्रमाणाच्या जुन्या नकाशांचेही तसेच. त्यांत सारी पेठ एका ठिपक्यात मावते.

म्हणून आपली खरी वाट सिटी सर्व्हेच्या कचेरीतून जाते. तेथील नकाशात प्रत्येक मिळकतीची हद्द असते, मिळकत पत्रिकेवर धारकांचा क्रम असतो, आणि चौकशी नोंदवहीत जागा वारसाने आली, खरेदीने की दानाने, हे लिहिलेले सापडू शकते. मात्र नगरपालिकेचा घरक्रमांक, सिटी सर्व्हेचा क्रमांक व जनगणनेसाठी चौकटीवर रंगविलेला क्रमांक हे तीन निरनिराळे असतात. त्यांची गल्लत झाली की शेजाऱ्याचे आजोबा आपले ठरतात!

खरेदीखतातील चतुःसीमा हा माझ्या मते सर्वांत मौल्यवान मजकूर होय. पूर्वेस अमुकाचे घर, दक्षिणेस बोळ, असे वाचत शेजारच्या चार घरांची खते जुळविली की एक लहानसा नकाशाच तयार होतो. खत मोडीत असल्यास जाणकाराकडून वाचून घ्यावे. सनाकडे विशेष लक्ष हवे. मराठी खतात शके, तर व्यापाऱ्यांच्या वहीत विक्रम संवत. शके १७८२ आणि संवत १९१७ हे एकच वर्ष, म्हणजे इसवी सन १८६०. शिवाय दिवाळीला नवे वर्ष धरणाऱ्या वहीत चैत्रापासून आश्विनापर्यंत संवत एकाने मागे असतो.

विश्वस्त संस्थेच्या वास्तूसाठी आणखी एक साधन आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालील नोंदवहीच्या परिशिष्ट एकमध्ये स्थावर मालमत्ता नमूद असते. ते परिशिष्ट आणि मिळकत पत्रिका शेजारी ठेवून वाचावीत. दोहोंतील क्षेत्र किंवा धारकाचे नाव जुळत नसेल, तर मूळ दानपत्र पाहणारी वडीलधारी माणसे हयात आहेत तोवरच त्यांची माहिती लिहून घ्यावी.