रात्रभराची मैफल आणि वऱ्हाडचा श्रोता

गाणे ऐकण्याची सगळी किंमत तिकिटावर छापलेली नसते, हे वऱ्हाडच्या श्रोत्याइतके कोणाला ठाऊक असणार? गुरू सवाई गंधर्व १९५२ साली निवर्तल्यावर भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला. पुढे कित्येक वर्षे तेथील मैफली रात्रभर चालत. त्या जागरणाचे गुणगान पुष्कळ झाले. आम्हाला त्यामागील व्यवहार अधिक महत्त्वाचा वाटतो. अकोल्याहून वा बडनेऱ्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्यास उतरणाऱ्यासाठी मंडप हाच रात्रीचा मुक्काम होता.

सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० नंतर उघड्यावरचे ध्वनिक्षेपक वर्ज्य केले. सवलतीच्या दिवसांतही मर्यादा मध्यरात्रीचीच. शेजारच्या आजाऱ्याची झोप राखणारा हा नियम अन्याय्य म्हणता येत नाही. परंतु त्यानंतर पुणेकर रात्री घरी परतू लागला आणि अमरावतीकराच्या खर्चात लॉजचे भाडे येऊन बसले. उत्तररात्रीच्या रागांना तर त्यांची वेळच उरली नाही.

भारतीय बैठकीचे तिकीट कितीही स्वस्त ठेवले, तरी राहण्याची सोय नसलेला दूरचा श्रोता वगळलाच जातो. महोत्सवाचा इतिहास लिहिताना गायकांच्या यादीशेजारी ही वजाबाकीही मांडावयास हवी.