घाटातला रेडिएटर, काँक्रीटवरचं टायर

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर खोपोली मागे पडली, की फियाटवाल्याचं निम्मं लक्ष बॉनेटकडे असायचं. १०८९ सीसीचं, जेमतेम चाळीस अश्वशक्तीचं इंजिन, आत पाच-सहा माणसं, टपावरच्या कॅरियरवर ट्रंक आणि समोर बोरघाटाचा चढ. रेडिएटरचं पाणी उकळलं की गाडी कडेला घ्यायची, ओलं फडकं टाकून झाकण उघडायचं आणि बरोबर आणलेल्या कॅनमधलं पाणी ओतायचं. शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकण्यात जशी श्रद्धा होती तशी रेडिएटरची काळजीही. घाट चढून लोणावळा, कामशेत, तळेगाव पार केलं की देहूरोडच्या छावणीची हद्द लागे. रस्ता बाजारपेठेतूनच जायचा.

त्या काळी कौटुंबिक गाडी घेणं हा वर्षानुवर्षांचा मामला होता. नाव नोंदवायचं, पैसे भरायचे आणि वाट बघायची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून येणारी फियाट, जी पुढे ‘पद्मिनी’ झाली, हाती लागली की ती पंधरा-वीस वर्षं टिकवायचीच, हे गृहीत होतं. रविवारची सकाळ त्यातच जायची. प्लग काढून साफ करायचे, पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, कार्बोरेटर खोलायचा, टॅपेटचा आवाज ऐकायचा. टायरला रिमोल्ड चढे, इंजिनला बोअरिंग होई. मालकाला गाडीतलं थोडंफार कळत असे, कारण कळून घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

देहूरोडला यात एक फायदा होता. आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को आणि आसपास त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉपं. लेथवर हात बसलेला, मायक्रोमीटर वाचता येणारा माणूस शेजारच्या चाळीत राहायचा. न मिळणारं बुश कुणीतरी वळवून देई. या पट्ट्यात गाड्या इतक्या टिकल्या त्यात काटकसरीचा वाटा होताच, पण हाताशी असलेल्या कसबाचा वाटा मोठा होता, असं म्हणायला हरकत नाही.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. किंमत सुमारे ४७,५०० रुपये. तीन सिलिंडरची ही गाडी सकाळी किल्ली फिरवली की सुरू व्हायची, हेच फियाटवाल्याला अजब वाटे. रविवारच्या कामातली बरीच कामं तिने रद्द केली. घाटात मात्र तिचीही दमछाक होई. एसी असलेल्या गाडीतही चढ लागला की एसी बंद करायचा, हा नियम ड्रायव्हिंग स्कूलशिवायच सर्वांना पाठ होता.

मग गाडीच घराजवळ जन्माला आली. टेल्कोने ऑस्ट्रेलियातला निस्सानचा बंद पडलेला कारखाना विकत घेतला, सुटा करून जहाजाने पुण्याला आणला आणि १९९८च्या अखेरीस ‘इंडिका’ लोकांसमोर ठेवली. बाहेरून झेनएवढी, आतून अ‍ॅम्बेसेडरएवढी ऐसपैस आणि डिझेलवर चालणारी, अशी तिची कल्पना होती. बुकिंग लाखाच्या वर गेलं. तक्रारीही भरपूर आल्या, आणि २००१ मध्ये सुधारलेली ‘व्ही-टू’ आली. इथल्या अनेक घरांत ज्याने गाडीवर काम केलं त्याच्याच दारात ती उभी राहिली. अशी ओळख असली की खोड्याही मनावर घेतल्या जात नाहीत.

त्याच सुमारास दुखण्याचं ठिकाण बदललं. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला. तो देहूरोडला खेटूनच, किवळ्याला संपतो. घाट सोपा झाला, रेडिएटर शांत झाला. पण तासन् तास सलग वेगात काँक्रीटवर धावणाऱ्या टायरची परीक्षा सुरू झाली. हवा कमी असली तर टायर तापतं आणि फुटतं. जो मालक पूर्वी पाण्याचा कॅन तपासायचा, तो आता निघण्याआधी हवा बघू लागला. बघू लागला म्हणजे, शहाणा असला तर.

प्रदूषणाच्या नियमांनी दुसरा बदल घडवला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल सक्तीचं झालं, नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला, इंधन इंजेक्शन आलं. पाना-स्क्रू ड्रायव्हरवाल्या मेकॅनिकने स्कॅनर घेतला किंवा गॅरेज बंद केलं. आता दिवा लागला की आधी कोड वाचायचा.

सुट्या भागांची चिंता मात्र कारखाना जवळ असूनही सुटत नाही. जनरल मोटर्सचा तळेगावचा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. कंपनीने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली आणि २०२० मध्ये उत्पादनही. सेवा चालू ठेवण्याचं आश्वासन होतं, तरी ‘बीट’ आणि ‘स्पार्क’चे मालक जुन्या भागांच्या दुकानांतून फिरू लागले. २०२३ मध्ये त्या प्रकल्पाच्या खरेदीचा करार ह्युंदाईने केला. इंडिकाचं उत्पादनही २०१८ मध्ये थांबलं.

एमएच-१४ पाटीच्या जुन्या इंडिका अजून दिसतात. पंधरा वर्षं झाली की पुनर्नोंदणी करावी लागते, आणि एप्रिल २०२२ पासून तिची फी ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली. वर राज्याचा पर्यावरण कर. भंगारात किती मिळतील आणि पासिंगला किती लागतील, हा हिशेब आता घराघरांत मांडला जातो. आजोबांचा कौल बहुधा पासिंगच्या बाजूने पडतो.