‘स्लेव्ह साँग्ज’ (१८६७) : नोंद आणि निर्णय

अमेरिकन लोकप्रिय संगीताच्या आरंभकाळाचा अभ्यास मुख्यतः लिखित साधनांवर अवलंबून आहे. १८४३ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ या गोऱ्या नटांच्या मंडळीने तोंडास काळे फासून कृष्णवर्णीयांच्या गाण्याची व बोलीची नक्कल रंगभूमीवर आणली. प्रत्यक्ष गुलामांच्या गीतांचा मोठा संग्रह प्रसिद्ध झाला तो १८६७ मध्ये. विल्यम अ‍ॅलन, चार्ल्स वेअर व ल्यूसी मॅकिम गॅरिसन यांच्या ‘स्लेव्ह साँग्ज ऑफ द युनायटेड स्टेट्स’ या ग्रंथात १३६ गीते असून, त्यांपैकी बरीच दक्षिण कॅरोलायनातील सेंट हेलेना बेटावर व त्याच्या परिसरात टिपलेली आहेत.

गायकांच्या कंठातील सूक्ष्म स्वरभेद स्वरलिपीत उतरत नाहीत, हे संपादकांनी मोकळेपणाने मान्य केले. बोलीविषयी मात्र ही सावधगिरी राहिली नाही. तीत लिंग, वचन, विभक्ती व काळ यांचे भेद नाहीत असे अ‍ॅलन यांनी नोंदविले, आणि तिला इंग्रजीचे ऱ्हास पावलेले रूप मानले. १९४९ मध्ये लोरेन्झो टर्नर यांनी याच ‘गला’ बोलीतील हजारो आफ्रिकी शब्द, प्रामुख्याने व्यक्तिनामे, प्रसिद्ध केले. तिच्या वाक्यरचनेचा पश्चिम आफ्रिकी भाषांशी असलेला संबंधही दाखविला.

संग्रहातील ‘मायकेल रो द बोट अशोर’ हे गीत १९६१ मध्ये ‘हायवेमेन’ या वृंदाच्या ध्वनिमुद्रिकेमुळे अमेरिकेत लोकप्रियतेच्या अग्रस्थानी पोहोचले. ते टिकले संग्राहकांच्या नोंदीमुळे, हे खरेच. परंतु नोंद स्वीकारताना तिच्यासोबत आलेला निर्णयही स्वीकारलाच पाहिजे, असे नाही.